पिलोमध्ये फोटो उघडताय? या चुका टाळा

गावच्या वाचनालयातले जुने दिवाळी अंक स्कॅन करायचं काम हौसेनं अंगावर घेतलं होतं. स्कॅनरमधून टिफ फाईली यायच्या, एकेका फाईलीत आठ-दहा पानं. ती लहान करायला पायथनमध्ये पिलो (चित्रं हाताळायची लायब्ररी) वापरून पंधरा-वीस ओळी लिहिल्या. आधी मोबाईलमधल्या जेपेग फोटोंवर चालवून बघितलं, झकास चाललं. मग रात्री अख्खं फोल्डर लावलं आणि झोपायला गेलो. सकाळी बघतो तर अडीचशेच्या आसपास फाईली झाल्यावर गाडी अडलेली: ‘टू मेनी ओपन फाइल्स’.

कोड पुन्हा वाचला. फाईल उघडणारी ओळ होती. बंद करणारी कुठेच नव्हती. मग जेपेगवर कसं चाललं? (पुढे फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.)

‘इमेज.ओपन’ चित्र वाचतच नाही, इथूनच बहुतेक घोळ सुरू होतो. फाईलीच्या सुरुवातीचा भाग वाचून ते प्रकार, लांबी-रुंदी आणि रंगांची पद्धत एवढं ठरवतं आणि थांबतं. डब्याचं झाकण उघडून आत काय आहे ते पाहिलं, भाजी अजून ताटात आलेली नाही. पिक्सेल वाचले जातात ते ‘लोड’ झाल्यावर. तुम्ही ते स्वतः बोलावता, किंवा ‘रिसाइझ’, ‘कन्व्हर्ट’ वगैरे मंडळी आतल्या आत बोलावतात. तोवर फाईल उघडीच.

तुम्ही फाईलीचं नाव दिलेलं असेल आणि चित्र एकाच फ्रेमचं असेल, तर लोड झाल्यावर पिलो ती फाईल स्वतःहून बंद करतं. जेपेगचं हेच झालं. पण अनेक पानांची टिफ किंवा हलणारी जिफ असेल तर तुम्ही पुढचं पान मागणार की नाही हे पिलोला कळायचा मार्ग नाही, म्हणून ते फाईल उघडी ठेवतं. म्हणजे माझी चाचणी नेमकी अशा फाईलींवर झाली, जिथे चूक झाकली जाते.

त्यात मी आणखी एक शहाणपणा केला होता. सगळ्या अंकांची अनुक्रमणिका बनवायची म्हणून उघडलेली चित्रं एका लिस्टमध्ये साठवत होतो. साध्या लूपमध्ये तेच व्हेरिएबल पुन्हा वापरलं की नेहमीचं पायथन जुनी वस्तू लगेच टाकून देतं आणि तिच्यासोबत फाईलही बंद होते. लिस्टमध्ये अडकलेलं काहीच सुटत नाही. (पायपाय, म्हणजे पायथन कोड चालवणारा दुसरा प्रोग्राम, वापरणाऱ्यांना ही ‘लगेच’वाली सवलतही नाही.) मॅकवर एका प्रोग्रामला एका वेळी साधारण २५६ फाईली उघडता येतात, लिनक्सवर बहुधा १०२४. ‘यूलिमिट’ कमांडने हा आकडा वाढवता येतो, पण ते म्हणजे गळका नळ तसाच ठेवून मोठी बादली लावणं.

विंडोजवर हीच चूक वेगळ्या वेषात भेटते. फोटो उघडला, आकार तपासला, लहान असेल तर डिलीट करायचा, असा कोड लिहिता आणि ‘परमिशन एरर’, विन-एरर ३२ येतो: फाईल दुसरी प्रोसेस वापरते आहे. लोक अँटिव्हायरसला शिव्या घालतात. ती प्रोसेस बहुतेकदा तुमचाच प्रोग्राम असतो. आकार विचारायला लोड लागत नाही, त्यामुळे इथे साधी जेपेगसुद्धा उघडीच राहिलेली असते.

उपाय एका ओळीचा आहे:

विथ इमेज.ओपन(पाथ) ॲज फोटो:

आणि फोटोचं सगळं काम या ओळीखाली, आत सरकवून. मध्येच एरर आला तरी बाहेर पडताना फाईल बंद होते. डिलीट किंवा रिनेम करायचं असेल ते मात्र ब्लॉकच्या बाहेर आल्यावर.

विथ शिकल्यावर पुढची चूक ठरलेली. फंक्शनमध्ये विथ लावायचं, आतून फोटो ‘रिटर्न’ करायचा आणि बाहेर तो वापरायला जायचं. फाईल बंद झालेली, पिक्सेल कधी वाचलेच नाहीत, मग एरर. त्याचा मजकूर पिलोच्या आवृत्तीप्रमाणे बदलतो, म्हणून तो शोधत बसू नका. ब्लॉकमध्ये असतानाच ‘फोटो.लोड()’ करा, म्हणजे त्या पानाचे पिक्सेल मेमरीत येतात आणि फाईल बंद झाली तरी राहतात. ‘कॉपी’ किंवा ‘रिसाइझ’मधून मिळणारं चित्र नवंच असतं, त्याचा मूळ फाईलीशी संबंध उरत नाही, तेही खुशाल बाहेर न्या. ‘क्लोज’चा स्वभाव मात्र वेगळा: विथ फक्त फाईल बंद करतं, ‘क्लोज’ मेमरीतलं चित्रही मोडीत काढतं.

फाईल तुम्हीच पायथनच्या साध्या ‘ओपन’ने उघडून पिलोच्या हातात दिली असेल, तर ती बंद करणं तुमच्याकडे. पिलो दुसऱ्याच्या फाईलीला हात लावत नाही. ‘बाइट्सआयओ’मध्ये (मेमरीतल्या फाईलीत) चित्र सेव्ह करून तिथूनच लगेच उघडायचं असेल तर मध्ये ‘सीक(०)’ करून सुरुवातीला परतायची गरज नाही, इमेज.ओपन ते स्वतःच करतं.

खराब फाईलींचं बघू. एरर झेलणाऱ्या ‘ट्राय’मध्ये फक्त इमेज.ओपनची ओळ ठेवून निर्धास्त राहणारे पुष्कळ. अर्धवट डाउनलोड झालेली जेपेग ओपनमधून सुखरूप पार होते, कारण तिची सुरुवात शाबूत असते. ‘ट्रंकेटेड’चा (फाईल अर्धवट असल्याचा) एरर येतो लोडच्या वेळी, कोडमध्ये भलत्याच जागी. म्हणून लोडही त्याच ट्रायमध्ये घ्या. पिलोच्या ‘व्हेरिफाय’ या तपासणीवर विसंबू नका. ते पिक्सेल उलगडत नाही, त्यामुळे जेपेगची तुटलेली शेपटी त्याला बहुधा दिसत नाही, आणि ते वापरल्यावर फाईल नव्यानं उघडावी लागते. ‘लोड ट्रंकेटेड इमेजेस’चं बटण चालू करा असा सल्ला सर्रास मिळतो. ते अख्ख्या प्रोग्रामला लागू होतं आणि अर्धे फोटो निमूटपणे आत घेतं. मी ते लावत नाही.

‘अनआयडेंटिफाइड इमेज एरर’ (चित्राचा प्रकार ओळखता आला नाही) आला तर नावातल्या डॉट-जेपीजीवर भरवसा ठेवू नका. ती सर्व्हरनं पाठवलेली एरर पेजची एचटीएमएल असू शकते, किंवा आयफोनची एचईआयसी प्रकारची फोटोफाईल, जिच्यासाठी पिलोला वेगळी जोड बसवावी लागते.

आता खरी धोक्याची चूक: उघडलेला फोटो त्याच नावानं सेव्ह करणं. बहुतेक वेळा काही होत नाही, म्हणूनच ती सवय लागते. पण नाव डॉट-जेपीजी आणि आत पारदर्शक पीएनजी, अशी फाईल समजा. उघडताना पिलो आतला मजकूर बघतं, त्यामुळे ती नीट उघडते. सेव्ह करताना नावाचं शेपूट बघतं, म्हणून जेपेग लिहायला जातं. जेपेगमध्ये पारदर्शकता बसत नाही, एरर येतो. दरम्यान लिहिण्यासाठी तीच फाईल रिकामी करून झालेली असते. हातात एरर आणि डिस्कवर शून्य बाइटची फाईल, मूळ फोटो गेला. अंक स्कॅन करताना मी मूळ फाईली वेगळ्या डिस्कवर ठेवल्या होत्या म्हणून वाचलो, हुशारीमुळे नाही. आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावानं सेव्ह करा, विथच्या बाहेर या, आणि मग ‘ओएस.रिप्लेस’ने नाव बदला. सेव्ह फसलं तर मूळ फाईल जशीच्या तशी राहते.

मोठ्या स्कॅनवर ‘डीकम्प्रेशन बॉम्ब’ची (फाईल लहान, पण उलगडल्यावर मेमरी भरून टाकणारं चित्र) ताकीद आली तर घाबरू नका. ८,९४,७८,४८५ पिक्सेलच्या वर ताकीद आणि त्याच्या दुपटीच्या वर थेट एरर, असा हिशेब आहे. ६०० डीपीआयवर स्कॅन केलेलं ए-२ पोस्टर ताकीद ओढवून घेतंच. घरच्या फाईलींसाठी मर्यादा वाढवा. अनोळखी लोक फोटो अपलोड करणार असतील तर ती काढून टाकू नका.

तुमच्या कोडमध्ये फाईल कुठे उघडी राहते हे शोधायला डोळे फोडायची गरज नाही. पायथन अशा वेळी ‘रिसोर्स वॉर्निंग’ देतं, फक्त एरवी ती लपवलेली असते. प्रोग्राम ‘-एक्स डेव्ह’ लावून चालवा, ती दिसू लागते. सोबत ‘-एक्स ट्रेसमॅलॉक=१०’ दिलं तर फाईल कुठल्या ओळीत उघडली तेही कळतं. माझ्या कोडवर लावलं तेव्हा प्रत्येक टिफमागे एक, असा वॉर्निंगचा स्क्रीनभर पाऊस पडला, आणि सगळ्यांत ओळ क्रमांक एकच होता.