शब्द वाढवायचे तर आधी कान तयार करा

मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत काम करायची वेळ आली, तेव्हा मला सगळ्यात जास्त छळलं ते ओळखीच्याच शब्दांनी. वाचताना सहज कळणारा शब्द कुणी बोलताना वापरला की निसटून जायचा. वहीत स्पेलिंग होतं, अर्थ होता, पण तो शब्द ऐकू कसा येतो याचा पत्ताच नव्हता.

मराठीत आपण बहुतेक अक्षरांना सारखंच वजन देतो. इंग्रजीत शब्दाच्या एका भागावर जोर पडतो आणि बाकीचे स्वर दबून पुसट 'अ'सारखे होतात, कधी गळूनच जातात. म्हणून 'व्हेजिटेबल' कानावर 'वेज्टबल' असं येतं आणि 'कम्फर्टेबल'चं 'कम्फ्टबल' होतं. जोर जागाही बदलतो: 'फोटोग्राफ'मध्ये तो सुरुवातीला, 'फोटोग्राफी'त दुसऱ्या भागावर (ऐकू येतं 'फटॉग्रफी'), 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर जोर आधी, क्रियापद असेल तर नंतर.

शब्दकोशात दिसणारी उच्चाराची चिन्हं १८८८ पासून चालत आलेल्या आंतरराष्ट्रीय लिपीतली असतात. ती सगळी घोकत बसू नका. सुरुवातीला दोनच पुरतात: जोराच्या भागाआधी वर काढलेली छोटी उभी रेघ आणि पुसट 'अ'साठीचा उलटा 'ई'. मग ऑनलाइन कोशातलं स्पीकरचं बटण दाबा आणि मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं धरायचं नाही!

स्पेलिंगच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला 'बी' आणि पावतीच्या 'रिसीट'मधला 'पी' जुन्या विद्वानांनी लॅटिन मूळ दाखवायला घुसवले. उच्चारात ते नाहीतच. भूतकाळाचा 'ईडी' तरी निदान नियमाने वागतो. 'वॉक'चं 'वॉक्ट', 'प्ले'चं 'प्लेड', आणि मूळ शब्दाच्या शेवटी 'ट' किंवा 'ड'चा आवाज असेल तरच वेगळा 'इड': 'वाँटिड', 'नीडिड'.

अर्थासाठी शिकणाऱ्यांकरता केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. १९७८ मध्ये निघालेल्या लाँगमनच्या अशा कोशात अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांतच सांगितले होते. तेवढे शब्द पक्के झाले की पुढचे अर्थ इंग्रजीतूनच कळू लागतात. 'रोज एक अवघड शब्द' छापाच्या याद्यांपेक्षा मला हा पाया कितीतरी मोलाचा वाटतो. त्या यादीतले निम्मे शब्द इंग्रज माणूसही वर्षभरात वापरत नसेल.

शब्द उतरवताना त्याची सोबतही उतरवा. जोराचा पाऊस 'हेवी', जोराचा वारा मात्र 'स्ट्राँग'. निर्णय 'मेक' करायचा आणि गृहपाठ 'डू'. हे तर्काने कळत नाही, म्हणून कोशातलं उदाहरणाचं अख्खं वाक्यच लिहून घ्यायचं.

उजळणीसाठी कार्डं आणि दोन-तीन डबे पुरेत. आलेलं कार्ड पुढच्या डब्यात, न आलेलं परत पहिल्यात. पहिला डबा रोज काढायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. ही पद्धत १९७० च्या दशकात लाइटनर या जर्मन पत्रकाराने लोकप्रिय केली. माझी त्यात एकच भर: अर्थ आठवला पण जोर चुकला, तरी कार्ड पहिल्या डब्यात.