कोर्टातल्या क्लार्कचा पगार किती? जाहिरातीतल्या आकड्यावरून हिशेब कसा करावा

जिल्हा न्यायालयांच्या भरतीची जाहिरात निघाली की ओळखीपाळखीतली मुलं, त्यांचे आईवडील कात्रण घेऊन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एकोणीस हजार नऊशे ते त्रेसष्ट हजार दोनशे लिहिलंय, म्हणजे नक्की किती मिळणार?" न्यायालयाच्या आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, पगार, सेवानोंदी बघणाऱ्या शाखेत, अनेक वर्षं पगारपत्रकं केली, त्यामुळे सांगतो. या दोन्हींतला एकही आकडा तुमच्या हातात पडणार नाही. पहिल्याच महिन्यात १९,९०० पेक्षा बरंच जास्त मिळतं, आणि त्या पदावर ६३,२०० पर्यंत बहुधा कुणी पोचत नाही. मधला खरा आकडा घरी बसून काढता येतो. कागद-पेन घ्या.

आधी कोर्ट कोणतं ते बघा

'कोर्टात क्लार्क' या दोन शब्दांत तीन-चार वेगवेगळ्या नोकऱ्या आहेत आणि त्यांचे पगार एकमेकांच्या जवळपासही नाहीत. म्हणून जाहिरात कुणी काढली आहे, नेमणूक कोण देणार आहे, हे पहिल्यांदा वाचायचं.

जिल्हा आणि तालुका न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिकाला त्या जिल्ह्याचे प्रमुख जिल्हा न्यायाधीश नेमतात आणि पगार राज्य सरकारच्या तिजोरीतून येतो. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातल्या जिल्हा न्यायालयांसाठी ४,६२९ पदांची एकत्र जाहिरात काढली होती. तिच्यात कनिष्ठ लिपिकाला एस-६ (राज्याच्या वेतन तक्त्यातल्या स्तराचा क्रमांक) म्हणजे १९,९०० ते ६३,२००, शिपाई-हमालाला एस-१ म्हणजे १५,००० ते ४७,६००, आणि लघुलेखक श्रेणी-३ ला एस-१४ म्हणजे ३८,६०० ते १,२२,८०० असे वेतनस्तर होते. एकाच इमारतीत, एकाच कोर्ट हॉलमध्ये बसणाऱ्या लघुलेखकाचं मूळ वेतन लिपिकाच्या जवळजवळ दुप्पट आहे. ज्या मुलांच्या हाताला टायपिंग बसलं आहे त्यांना मी नेहमी सांगतो, वर्षभर लघुलेखनाच्या क्लासला घाला. मेहनत खूप आहे, पण पुढची तीस वर्षं तिचा मोबदला मिळतो.

उच्च न्यायालयाचा लिपिक वेगळा. राज्यघटनेच्या कलम २२९ प्रमाणे उच्च न्यायालयाचा कर्मचारीवर्ग मुख्य न्यायमूर्तींच्या अखत्यारीत असतो आणि त्याचे सेवानियम स्वतंत्र असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या अलीकडच्या लिपिक भरतीत वेतनस्तर २९,२०० ते ९२,३०० होता. सर्वोच्च न्यायालयात साधारण याच कामाच्या पदाला ज्युनिअर कोर्ट असिस्टंट म्हणतात. तिथे सुरुवातीचं मूळ वेतन ३५,४०० असतं, आणि २०२५ च्या जाहिरातीत भत्ते धरून महिना अंदाजे ७२,०४० रुपये दिले होते. दिल्लीला जायची तयारी असलेली मराठी मुलं या परीक्षेकडे फारशी वळत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आणि चौथा म्हणजे वकिलांचा कारकून, ज्याला कोर्टाच्या आवारात मुन्शी म्हणतात. तारखा बघणं, कोर्टाच्या कागदांच्या नकलेचे अर्ज टाकणं, स्टॅम्प लावणं ही कामं तोही दिवसभर कोर्टातच करतो, पण तो सरकारी नोकर नाही. त्याचा पगार वकील ठरवतात. पुढचा हिशेब त्याला लागू होत नाही.

मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडं

आता जिल्हा न्यायालयाच्या नव्या कनिष्ठ लिपिकाचा हिशेब करू. मूळ वेतन, म्हणजे बेसिक, १९,९००. हा आकडा सातव्या वेतन आयोगाचा. महाराष्ट्राने तो जानेवारी २०१९ पासून प्रत्यक्ष पगारात आणला आणि १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला.

त्यावर महागाई भत्ता. तो जानेवारी आणि जुलै अशा दोन तारखांना बदलतो. शासन निर्णय बऱ्याचदा काही महिन्यांनी निघतो आणि मधल्या काळाची थकबाकी मागाहून मिळते. जानेवारी २०२५ पासूनचा दर ५५ टक्के होता. तुम्ही हिशेब कराल तेव्हा त्या दिवशीचा दर घ्या, मी इथे ५५ धरतो. १९,९०० चे ५५ टक्के म्हणजे १०,९४५.

मग घरभाडं भत्ता. पगारात गावागावाप्रमाणे जो फरक पडतो तो मुख्यतः इथे. शहरांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ग आहेत. महागाई भत्त्याने पन्नास टक्क्यांचा टप्पा गाठल्यावर त्यांचे दर मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के होतात. मुंबई आणि पुणे एक्स वर्गात. नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, कोल्हापूर, सांगली, अमरावती, नांदेड, मालेगाव वाय वर्गात. बहुतेक तालुक्याची गावं झेड वर्गात येतात.

ठाणे जिल्ह्याचं उदाहरण घ्या, म्हणजे नीट कळेल. कल्याण बृहन्मुंबईच्या नागरी पट्ट्यात, म्हणून ३० टक्के. भिवंडी वाय, म्हणून २० टक्के. मुरबाड झेड, म्हणून १० टक्के. एकाच जिल्ह्यातली, एकाच आस्थापनेखालची तीन न्यायालयं. तोच लिपिक, तेच काम, पण घरभाडं कल्याणला ५,९७०, भिवंडीला ३,९८० आणि मुरबाडला १,९९०. कल्याणहून मुरबाडला बदली झाली की पगारातून महिना ३,९८० रुपये कमी होतात, आणि घर कल्याणलाच असेल तर एसटीचा खर्च वर. भत्ता तुम्ही राहता कुठे यावर नाही, नेमणूक कुठे आहे यावर मिळतो. सरकारी निवासस्थान मिळालं असेल तर मिळत नाही. रुजू होण्याआधी हे घरी सांगून ठेवा, कारण पहिल्या बदलीनंतर पगार कमी का झाला, याचं उत्तर बऱ्याच नव्या मुलांना माहीत नसतं.

बेरीज करा. एक्स शहरात १९,९०० अधिक १०,९४५ अधिक ५,९७० म्हणजे ३६,८१५. वाय शहरात ३४,८२५. झेड गावात ३२,८३५. यात वाहतूक भत्त्याची छोटी रक्कम आणखी मिळते, ती शहराप्रमाणे बदलते.

तुलनेसाठी मुंबईतल्या उच्च न्यायालयाच्या लिपिकाचा हिशेब याच दरांनी केला तर २९,२०० अधिक १६,०६० अधिक ८,७६०, एकूण ५४,०२०. एकाच शहरातली कोर्टं, तरी पहिल्या महिन्यापासून सतरा हजारांचा फरक. दोन्हींचे अर्ज भरता येत असतील तर दोन्ही भरा.

गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त आणि इतर आदिवासी भागात काम करणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्यांसाठी एकस्तर वेतनश्रेणीसारखे (म्हणजे एक स्तर वरचं वेतन) वेगळे लाभ आहेत. नेमणूक तिथे असेल तर रुजू झाल्याबरोबर आस्थापना शाखेत लेखी विचारा. न मागितल्यामुळे राहून गेलेली प्रकरणं मी पाहिली आहेत.

कापून हातात किती?

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन सरसकट लागू नाही. एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, असाल तर बेसिक आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेचे १० टक्के तुमच्या पगारातून जातात आणि सरकार स्वतःचे १४ टक्के घालतं. वरच्या उदाहरणात ३०,८४५ चे १० टक्के म्हणजे ३,०८५ रुपये. व्यवसाय कर महिना २००, फक्त फेब्रुवारीत ३००. गट विम्याची थोडी रक्कम. हे सगळं जाऊन मुंबई-पुण्यात साडेतेहेतीस हजारांच्या आसपास आणि तालुक्याच्या गावी साडेएकोणतीस हजारांच्या आसपास बँकेत जमा होतात. कर्ज काढण्याआधी, लग्न ठरवताना, खोली भाड्याने घेताना हा आकडा धरा. जाहिरातीतला धरू नका.

पुढच्या तीस वर्षांचा हिशेब

इथे जरा थांबून वाचा, कारण खरा पगार इथे ठरतो.

दर वर्षी एक वेतनवाढ, साधारण तीन टक्के. एस-६ चा तक्ता उघडला तर पायऱ्या अशा दिसतात: १९,९००, २०,५००, २१,१००, २१,७००, २२,४००, २३,१००, २३,८००, २४,५००, २५,२००, २६,०००, २६,८००. म्हणजे दहा वेतनवाढींनंतर मूळ वेतन २६,८००. तक्त्यात एकूण चाळीस पायऱ्या आहेत आणि चाळिसावी ६३,२००. तिथे पोचायला एकोणचाळीस वेतनवाढी लागतात. पंचविसाव्या वर्षी लागलेला लिपिक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे तेहेतीस वर्षं. जाहिरातीतला वरचा आकडा म्हणूनच मनातून काढून टाका.

पगार खरा वाढतो तो पदोन्नतीने. कनिष्ठ लिपिक, मग वरिष्ठ लिपिक, पुढे सहायक अधीक्षक, अधीक्षक. वरिष्ठ लिपिकाचा स्तर एस-८, २५,५०० पासून. समजा दहा वर्षांनी २६,८०० वर असताना पदोन्नती मिळाली. आधी चालू स्तरात एक वेतनवाढ देतात, ती होते २७,६००. मग एस-८ मध्ये तेवढी किंवा तिच्या लगतची वरची पायरी बघतात, ती २७,९००. म्हणजे त्या दिवशी बेसिक १,१०० ने वाढलं आणि त्यावर महागाई भत्ता, घरभाडं वाढलं. पदोन्नतीच्या तारखेपासून लाभ घ्यायचा की पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून, याचा विकल्प मुदतीत लिहून द्यावा लागतो. दोन्हींचा हिशेब कागदावर करूनच सही करा.

पदोन्नती कधी मिळेल, हे मात्र तुमच्या जिल्ह्यावर आहे. ज्येष्ठता यादी जिल्ह्याची असते. वरची माणसं निवृत्त झाली, नवीन न्यायालयं मंजूर झाली, की जागा निघतात. मोठ्या जिल्ह्यात एकाच वर्षी खूप भरती झाली असेल तर यादी लांबते. लहान जिल्ह्यात पदंच थोडी. आंतरजिल्हा बदली मागितली तर साधारणपणे नव्या जिल्ह्याच्या यादीत तळाशी बसावं लागतं. लग्नानंतर बदली घेणाऱ्या मुलींना हे फार जाचतं. म्हणून अर्जात जिल्हा निवडताना फक्त जागा किती हे न बघता पुढची वीस वर्षं तिथे राहणं जमेल का, हे आधी ठरवा.

जागाच निघाली नाही तर सुधारित सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना आहे. १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वरच्या पदाचा वेतनस्तर मिळतो, खुर्ची तीच राहते. गोपनीय अहवाल, म्हणजे वरिष्ठ दर वर्षी तुमच्या कामाबद्दल लिहितात ते शेरे, चांगले लागतात. हा लाभ घेतल्यावर पुढे त्याच पदावर प्रत्यक्ष पदोन्नती मिळाली तर पगार पुन्हा वाढत नाही, हे आधीच समजून घ्या.

कामाच्या मानाने पगार पुरेसा आहे का?

माझं मत स्पष्ट आहे: सुरुवातीच्या वर्षांत नाही. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, लावण्यापासून संध्याकाळी न्यायाधीश साहेब डायसवरून उठल्यावर शेवटचा रोजनामा, म्हणजे प्रकरणात त्या दिवशी काय झालं त्याची नोंद, लिहून पुढची तारीख संगणकात भरेपर्यंत लिपिक जागेवरून हलत नाही. एक तारीख चुकीची पडली तर गावाहून आलेला पक्षकार दिवसभराची मजुरी बुडवून परत जातो. उशिरापर्यंत बसल्याचे वेगळे पैसे नाहीत. न्यायालयीन कर्मचाऱ्यांचं काम इतर कचेऱ्यांपेक्षा वेगळं आहे, म्हणून त्यांच्या वेतनाचाही विचार न्या. जगन्नाथ शेट्टी आयोगाकडे गेला आणि त्याचा लाभ मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

"पण वर किती मिळतात?" असंही लोक विचारतात. सोयरिकीच्या बैठकीत तर राजरोस विचारतात. उत्तर असं की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच घेणाऱ्या लोकसेवकाला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद आहे. नकलेसाठी पन्नास रुपये मागणाराही त्यात येतो. हिशेबात तो आकडा धरायचाच नाही.

सेवापुस्तक दर वर्षी बघा

हे सगळे आकडे ज्यात लिहिले जातात ते सेवापुस्तक. दर वर्षी वेतनवाढ झाली की शाखेत जाऊन ते उघडून बघा. नोंद आहे का, सही आहे का, विकल्पाचा कागद चिकटवलाय का. वेतननिश्चितीच्या, म्हणजे नवं मूळ वेतन ठरवल्याच्या, पानावर वेतन पडताळणी पथकाचा (ते वेतन बरोबर ठरवलंय का हे तपासणाऱ्या सरकारी पथकाचा) शिक्का पडला आहे का, हे खास करून बघा. एका सहकाऱ्याच्या पानावर तो शिक्का राहून गेला होता. निवृत्तीला चार महिने असताना पथकाने पंधरा वर्षांपूर्वीची एक वेतनवाढ चुकीची ठरवली आणि लाखाच्या वर वसुली काढली. चूक त्याची नव्हती, पगारपत्रक करणाऱ्याची होती.

अशी वेळ आली तर घाबरून वसुलीच्या संमतिपत्रावर सही करू नका. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की वर्ग तीन आणि चारच्या (लिपिक, शिपाई अशा) कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणार असलेल्यांकडून, आणि पाच वर्षांहून जास्त काळ चुकीने जादा दिलं गेलेलं असेल तर, अशी वसुली करू नये. मात्र जादा रक्कम परत करीन असं हमीपत्र वेतननिश्चितीच्या वेळी लिहून दिलं असेल, तर तेच पुढे तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. म्हणून सही करण्याआधी तो कागद वाचा आणि त्याची एक प्रत घरी फाईलला लावून ठेवा.