मराठवाडी जेवणासाठी इटालियन वाइन कशी निवडावी

इटालियन वाइन मुळात आपल्या गावच्या जेवणासाठी घडलेली असते, हे एकदा ध्यानात घेतले की दुकानातील बाटल्यांपुढे गोंधळ होत नाही. त्या गावच्या ताटात काय असते ते पाहावे, मग आपल्या ताटात काय आहे ते पाहावे आणि दोहोंचा मेळ बसतो का, याचा विचार करावा.

उदाहरणादाखल टस्कनी प्रांतातील ब्रोलियो किल्ल्याची वाइनरी घेऊ. सिएना शहराच्या ईशान्येला गायोले-इन-कियांतीजवळ असलेला हा किल्ला ११४१ सालापासून रिकासोली घराण्याकडे आहे. याच घराण्यातील बेत्तिनो रिकासोली हे पहिले पंतप्रधान कावूर यांच्या निधनानंतर १८६१ मध्ये इटलीचे पंतप्रधान झाले आणि त्यांनीच १८७२ मध्ये एका प्राध्यापकाला लिहिलेल्या पत्रात कियांती वाइनचे सूत्र मांडले: सुगंध आणि जोम सांजोवेझे द्राक्षाचा, त्याचा कडकपणा सौम्य करायला कानायोलो, आणि लवकर प्यायच्या वाइनमध्ये थोडी पांढरी माल्वाझिया. आजच्या कियांती क्लासिकोत, म्हणजे कियांतीच्या मूळ पट्ट्यातील लाल वाइनमध्ये, किमान ८० टक्के सांजोवेझे असावे लागते, पांढरी द्राक्षे २००६ च्या हंगामापासून बंद झाली आहेत, आणि बाटलीच्या गळ्यावरचा काळा कोंबडा ही तिची खूण आहे.

तिथल्या ताटात मिरची जवळपास नसते. निखाऱ्यावर भाजलेला गोमांसाचा जाड तुकडा, त्यावर मीठ आणि ऑलिव्ह तेल, सोबत बिनमिठाचा पाव. मांसातील प्रथिने आणि चरबी वाइनमधील टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणाऱ्या घटकाचा, तुरटपणा मऊ करतात, म्हणून ती जोडी जुळते.

मी पहिली कियांती क्लासिको उघडली ती मटणाच्या जेवणाला. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर बोटभर तर्री, ज्वारीची भाकरी आणि कडेला हिरव्या मिरचीचा ठेचा असा थाट होता. पहिल्या घोटाला जीभ कोरडी पडली, दुसऱ्याला ठेच्याचा जाळ दुपटीने उठला, आणि द्राक्षाची चव कुठेच उरली नाही. दोष वाइनचा नव्हता आणि रश्श्याचाही नव्हता. मिरचीचा तिखटपणा अल्कोहोलमुळे अधिक भडकतो आणि टॅनिन त्यात कोरडेपणाची भर घालते, हे मला त्या ताटावर समजले. तेव्हापासून मी वाइन मांस पाहून निवडत नाही. मसाला, तेल आणि तिखट पाहून निवडतो.

तिखट जेवणासाठी तीन गुण शोधावेत: अल्कोहोल कमी, टॅनिन कमी, आणि किंचित गोडवा. गोडव्यासाठी लेबलावरचे शब्द ओळखता आले पाहिजेत. सेक्को म्हणजे कोरडी, अर्थात गोडवा नसलेली, अमाबिले म्हणजे मध्यम गोड, दोल्चे म्हणजे पूर्ण गोड. व्हेनेतो आणि फ्रिउलीकडच्या बुडबुड्यांच्या प्रोसेक्कोत मात्र एक मोठी फसगत आहे. तिच्या लेबलावर ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेले असले, तरी ती ‘ब्रूट’ लिहिलेल्या बाटलीपेक्षा गोड असते, ब्रूटमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपर्यंत साखर चालते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७ ग्रॅम, आणि नुसत्या ‘ड्राय’मध्ये १७ ते ३२ ग्रॅम. आपल्या धपाट्यांसोबत आणि शेंगदाण्याच्या चटणीसोबत एक्स्ट्रा ड्रायच घ्यावी.

काळ्या मसाल्याच्या मटणाला माझ्या मते सर्वांत योग्य बाटली एमिलिया-रोमान्यामधील लांब्रुस्को अमाबिले ही आहे. ही लाल, फसफसणारी वाइन मोदेनाच्या परिसरातील डुकराच्या चरबीदार पदार्थांसोबत प्यायली जाते. तिचे बुडबुडे आणि आंबटपणा जिभेवरचा तेलाचा थर धुऊन काढतात, आणि गोडवा तिखटाला आवर घालतो. तर्रीचा प्रश्न तिने जितका नीट सुटतो तितका दुसऱ्या कशाने सुटत नाही. ती थंड करूनच प्यावी.

छत्रपती संभाजीनगरच्या नान-खलियाला वेगळा विचार लागतो, कारण त्यात तिखटापेक्षा मसाल्यांचा दरवळ आणि मटणाची स्निग्धता जास्त असते. तिथे पिएमाँते प्रांताची लाल बार्बेरा घ्यावी. तिच्यात आंबटपणा भरपूर आणि टॅनिन कमी असते, त्यामुळे नानचा तुकडा, खलिया आणि घोट एकमेकांना धरून राहतात. त्याच प्रांतातील बारोलो, जी किमान ३८ महिने आणि त्यातले १८ महिने लाकडी पिंपात मुरवावी लागते, किंवा व्हेनेतोची, सुकवलेल्या द्राक्षांची जड अमारोने, या महागड्या बाटल्या मसालेदार जेवणावर उघडू नयेत. कियांती क्लासिको हवीच असेल, तर मटण फक्त मीठ, लसूण आणि थोडे मिरे लावून निखाऱ्यावर भाजावे. येसर आमटी आणि भाकरीसाठी व्हेनेतोची पांढरी सोआव्हे पुरेशी आहे.

तापमानाकडे दुर्लक्ष झाले तर वरचा सगळा विचार वाया जातो. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हे वाक्य युरोपातील थंड घरांसाठी आहे, म्हणजे १६ ते १८ अंश. लातूर किंवा नांदेडच्या मे महिन्यातील खोलीसाठी ते नाही. बार्बेरा फ्रीजमध्ये पाऊण तास ठेवावी, सोआव्हे आणि प्रोसेक्को ८ ते १० अंशांपर्यंत थंड कराव्यात. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवावी. नुसत्या बर्फापेक्षा हे लवकर होते, कारण पाणी काचेला सगळीकडून भिडते. बाटली माळ्यावर ठेवू नये. मी एक उन्हाळाभर ठेवली होती; उघडली तेव्हा बूच वर सरकलेले होते आणि वाइनला शिजलेल्या मनुकांचा वास येत होता.

हुरड्याच्या दिवसांत पिएमाँतेची मोस्कातो द’आस्ती जरूर घेऊन जावी. बाळगण्या-पिण्याचा परवाना सोबत असावा. तिच्यात अल्कोहोल साधारण ५ टक्केच असते, बुडबुडे हलके असतात आणि गोडवा ताज्या द्राक्षाचा असतो. बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळून वाऱ्याला ठेवावी, म्हणजे आपल्याकडच्या कोरड्या हवेत माठातल्या पाण्यासारखी ती गार होते. आगटीतून काढलेले गूळभेंडीचे कणीस तळहातावर चोळावे, कोवळे दाणे लसणाच्या चटणीसोबत खावेत, आणि तिखट जिभेवर असतानाच छोटा घोट घ्यावा. पेला एक तृतीयांशच भरावा, कारण शेतातल्या उन्हात ती दहा मिनिटांत कोमट होते.