होमटाउनचा रकाना

'तुझं गाव कोणतं?' या प्रश्नाला माझ्याकडे तीन उत्तरं आहेत. घर मुरगूडला, शाळा कोल्हापुरात, इंजिनीअरिंग पुण्यात. अमेरिकेत एम.एस.ला आले तेव्हा विभागाच्या फॉर्मवर 'होमटाउन' अशी एकच चौकट होती. मी 'पुणे' लिहून मोकळी झाले, कारण इथल्या लोकांनी ते निदान ऐकलेलं असतं. दोन महिन्यांनी याच रकान्याने माझी अर्धी सेमिस्टर खाल्ली.

जीआयएस म्हणजे संगणकावर माहिती नकाशात मांडून तपासायचं शास्त्र; त्याच्या कोर्सला शेवटी एक प्रोजेक्ट करायचं होतं. वर्गातल्या बहुतेकांनी घरांच्या किमती किंवा बसचे मार्ग घेतले. मी विद्यापीठाची फुटबॉल टीम घेतली: कुठला पोरगा कुठून आला, त्याचा नकाशा. कारण साधं होतं. मिडवेस्टमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातल्या या गावात सप्टेंबर ते नोव्हेंबर, घरचा सामना असलेल्या शनिवारी दुसरं काही चालतच नाही. आणि मी पडले कोल्हापूरची. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही तिथल्या फुटबॉल संघांची नावं ऐकत वाढलेली. आमच्याकडे खेळाडू कोणत्या जागेवर खेळतो हे नंतर विचारतात, आधी पेठ विचारतात. इथला फुटबॉल बराचसा हातानेच खेळतात हे पचवायला वेळ लागला, पण टीमच्या यादीत प्रत्येक नावासमोर गाव छापलेलं पाहिलं आणि जीव भांड्यात पडला.

तुम्ही डेटा, भूगोल किंवा संख्याशास्त्र शिकायला इकडे येत असाल आणि पहिलं प्रोजेक्ट शोधत असाल, तर हा विषय घ्या. यादी फुकट मिळते, शंभरेक ओळींचीच असते, आणि शिकताना करायच्या बहुतेक सगळ्या चुका तिच्यात करता येतात. मी केल्या.

यादीत जर्सीचा नंबर, नाव, जागा, उंची, वजन, कितवं वर्ष, होमटाउन, हायस्कूल आणि खेळाडू दुसरीकडून आला असेल तर आधीचं कॉलेज एवढं असतं. पहिली चूक गावं नकाशावर टाकताना होते. कोलंबस ओहायोत आहे, जॉर्जियात आहे आणि नेब्रास्कातही आहे. मायामी नावाचं गाव ओक्लाहोमात आहे. बऱ्याच याद्यांत राज्याचं नाव वर्तमानपत्री पद्धतीने तोडून लिहितात, ते सॉफ्टवेअरला कळतंच असं नाही. माझा जॉर्जियाचा एक पोरगा आठवडाभर ओहायोत राहिला. शंभर ओळी हाताने तपासायला दोन तास लागतात. तपासा.

दुसरी चूक मोठी. हौसेने मी देशभरातल्या टीमच्या याद्या एकत्र केल्या आणि राज्यवार रंग भरले. टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया, जॉर्जिया गडद. प्राध्यापकबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, ''हा लोकसंख्येचा नकाशा आहे. तो तर जनगणनेकडेही आहे.'' बरोबर होतं; माणसं जास्त तिथे खेळाडू जास्त. लोकसंख्येने भागलं तेव्हा चित्र बदललं. लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया असा दक्षिणेचा पट्टा वर आला, कॅलिफोर्निया उतरला आणि न्यूयॉर्क जवळपास दिसेनासंच झालं. त्याहून बरा भाजक म्हणजे हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या मुलांची संख्या. देशभरात ही मुलं सुमारे १० लाख आहेत आणि हायस्कूल संघटनांचा महासंघ दर वर्षी राज्यवार आकडे देतो. असं मोजणारी मी काही पहिली नव्हे. ओक्लाहोमा स्टेटमधले भूगोलाचे प्राध्यापक जॉन रूनी यांनी हीच मोजदाद पन्नासेक वर्षांपूर्वी केली होती, तीही संगणकावर नकाशे काढायची सोय हाताशी नसताना.

एकाच टीमचा नकाशा करताना मात्र दरडोई आकड्यांचा उपयोग नाही, ओळीच तेवढ्या नसतात. तिथे अंतर मोजा, आणि सरासरीच्या नादी लागू नका. आमच्या यादीत एक ऑस्ट्रेलियन पंटर होता. पंटर म्हणजे हातातून सोडलेला चेंडू लाथेने लांब उडवणारा. मेलबर्नपासून इथवर १५,००० किलोमीटरच्या आसपास. १०५ जणांच्या यादीत हा एकटा सगळ्यांच्या सरासरीत १४० किलोमीटरची भर घालतो. मध्यक, म्हणजे अंतरं क्रमाने लावली की मधोमध येणारा आकडा, घेतला की तो गप्प बसतो. ही ऑस्ट्रेलियन मंडळी अपवादही राहिलेली नाहीत. तिकडच्या 'ऑस्ट्रेलियन रूल्स' खेळात अशी लाथ लहानपणापासून मारतात. मेलबर्नमध्ये २००७ पासून प्रोकिक ऑस्ट्रेलिया नावाची संस्था अशा मुलांना तयार करून अमेरिकन कॉलेजांत पाठवते. सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कार २०१४ ते २०१७ अशी सलग चार वर्षं ऑस्ट्रेलियन पोरांकडे होता.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती. यादी एक दिसते, पण तिच्यात दोन टीम असतात. एक शिष्यवृत्तीवाली आणि दुसरी वॉक-ऑन, म्हणजे स्वतःची फी भरून सराव करणारी पोरं. सरकारी विद्यापीठात राज्यातल्या मुलाला फी बरीच कमी, बाहेरच्याला दुप्पट-तिप्पटसुद्धा. मग पदरचे पैसे भरून कोण खेळणार? जवळचाच. त्यामुळे यादीतला 'घरचा' टक्का वॉक-ऑनमुळे फुगतो, आणि मैदानात पहिल्यापासून उतरणारे पाहावेत तर ते लांबचे निघतात. आमच्या टीमचे दोन वेगळे नकाशे केले तर दोन वेगळ्या विद्यापीठांचे वाटावेत, इतका फरक पडला.

नेब्रास्काचं उदाहरण घ्या, कारण त्यांच्याइतका वॉक-ऑनचा अभिमान क्वचितच कुणी बाळगतो. २०२० च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची वस्ती २० लाखांच्या आतच, कोल्हापूर जिल्ह्याच्या निम्मीच म्हणा. ओमाहा आणि लिंकन सोडलं तर सामन्याच्या दिवशी स्टेडियमएवढी गर्दी राज्यातल्या कुठल्याच गावात नसते. १९६२ पासून तिथलं एकही तिकीट शिल्लक राहिलेलं नाही, असं ते सांगतात. टॉम ऑस्बोर्न १९७३ ते १९९७ तिथे प्रशिक्षक होते. त्यांच्या काळात खेड्यापाड्यांतली पोरं वॉक-ऑन म्हणून यायची, आणि चमकणारी नावं लांबून आणलेली असायची. १९८३ चा हाइझमन पुरस्कार (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा) मिळवणारा माइक रोझियर न्यू जर्सीतल्या कॅम्डेनचा. १९९४ आणि १९९५ च्या विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा आणि चेंडू फेकणारा, टॉमी फ्रेझियर फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनचा. पण रोझियरला वाट मोकळी करून देणाऱ्यांत होता डीन स्टाइनकूलर, आणि तो नेब्रास्कातल्याच बर या खेड्याचा. आज त्या खेड्याची वस्ती शंभरही नाही. असल्या भागात शाळांना अकरा पोरं जमत नाहीत म्हणून आठ-आठ जणांचा फुटबॉल खेळतात.

इथे एक सावधगिरी. पूर्वी टीमला ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, पण एकूण खेळाडू कितीही घेता यायचे. २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती मान्य केलेल्या विद्यापीठांत उलट झालं: शिष्यवृत्त्या हव्या तेवढ्या द्या, पण यादी १०५ ची. कात्री पडली वॉक-ऑनवर. त्यामुळे २०२४ आणि २०२५ शेजारी ठेवून 'स्थानिक मुलं कमी झाली, प्रशिक्षक बाहेरचीच घेतात' असा निष्कर्ष काढाल तर फसाल. मी काढला होता, चांगला ठळक अक्षरांत.

जुन्या याद्या मिळाल्या तर जरूर घ्या. विद्यापीठांच्या ग्रंथालयात सामन्यांचे छापील कार्यक्रम जपलेले असतात. १९६६ ची मिशिगन स्टेटची टीम नकाशावर टाकली तेव्हा मला आधी वाटलं, पुन्हा गावं चुकली. उत्तरेतली ही टीम, आणि तिचे बिनीचे खेळाडू थेट दक्षिणेतून आलेले. बब्बा स्मिथ टेक्सासमधल्या बोमाँटचा, जीन वॉशिंग्टन ला पोर्टचा, जॉर्ज वेबस्टर साउथ कॅरोलिनातल्या अँडरसनचा, क्वार्टरबॅक जिमी रे नॉर्थ कॅरोलिनातल्या फेएटव्हिलचा. सगळे कृष्णवर्णीय. घराजवळच्या मोठ्या विद्यापीठांच्या टीममध्ये त्यांना जागा नव्हती, म्हणून हजार-दीड हजार किलोमीटर दूर यावं लागलं. टेक्सास विद्यापीठाची १९६९ ची विजेती टीम पूर्ण गोरी होती. अलाबामाकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९७१ मध्ये मैदानात उतरला. पुढे दक्षिणेची दारं उघडली, तसा हा ओघ आटला आणि तिथली पोरं तिथेच खेळू लागली. आजच्या नकाशावर अलाबामा, जॉर्जिया एवढे गडद दिसतात त्यामागे हेही आहे. ठिपका कुठे आहे एवढंच बघून भागत नाही. तिथून निघालेला रस्ता कुणी बंद केला होता, तेही विचारावं लागतं.

आणि एक ठिपका मी उगाच पुन्हा पुन्हा मोठा करून बघायचे. फ्लोरिडात ओकीचोबी सरोवराच्या काठी बेल ग्लेड आणि पहोकी ही दोन छोटी गावं. काळीभोर माती आणि चहूकडे ऊस. तिथे तोडणीआधी फड पेटवतात, ससे जिवाच्या आकांताने बाहेर पळतात आणि पोरं त्यांच्यामागे. याच दोन गावांतून व्यावसायिक लीगमध्ये गेलेल्यांची रांग आहे: पहोकीचा अँक्वान बोल्डिन, बेल ग्लेडचे फ्रेड टेलर आणि सँटोनियो होम्स. सशांमुळे वेग येतो ही दंतकथा मानायची की नाही ते तुम्ही ठरवा. कागल तालुक्यातला ऊस बघत वाढलेल्या मला दुसरंच कारण पटतं: फडातून बाहेर पडायचे रस्ते तिथे फार नाहीत.

शेवटी तो रकाना. होमटाउन म्हणजे जन्मगाव, की आईवडील राहतात ते, की हायस्कूल असलेलं? ठरीव नियम दिसत नाही, बहुधा पोरगा सांगेल ते. ब्रॅडेंटनमध्येच आयएमजी अकॅडमी नावाची निवासी शाळा आहे, तिथे देशभरातून खेळाडू येतात. हायस्कूलच्या पत्त्यावर नकाशा काढला तर या एका शहराला भलताच फुगा येतो. दुसरीकडून बदलून आलेल्याचं तर आणखी वेगळं: गाव जॉर्जियातलं, आधीचं कॉलेज कॅलिफोर्नियातलं, मग त्याला 'आणलं' कुठून? दोन्ही रकाने ठेवा आणि कोणता वापरला ते नकाशाखाली लिहा. माझ्या 'पुणे'ची आठवण तेव्हा झाली. विभागाच्या पानावर कुणी आमचा नकाशा काढला असता तर मी मुळा-मुठेच्या काठी उगवले असते.

नोकरीच्या मुलाखतीत याचा उपयोग झाला, पण मला वाटलं होतं तसा नाही. नकाशे कुणी फारसे बघितले नाहीत. ''यात तुझं काय चुकलं?'' असं विचारलं तेव्हा मात्र सांगण्यासारखं भरपूर होतं: कोलंबस, ऑस्ट्रेलियन पंटर, वॉक-ऑन. समोरचा मुलाखत घेणारा ओहायोचा निघाला, पुढची वीस मिनिटं तोच बोलला.

कामाचं एक राहिलं. यादी सप्टेंबरमध्ये उतरवून घ्या आणि फाइलवर तारीख टाका. हंगाम संपला की बदल्या सुरू होतात आणि त्याच पानावरून नावं गुपचूप गळतात. मी फेब्रुवारीत एक आकडा पडताळायला गेले, तर बावीस जण गायब होते. पंटरही.