रिस्टोअर झालं म्हणलं आन् सगळ्या फायलींवर आजचीच तारीख

नवीन नवीन सर्व्हरच्या कामाला लागलेल्या पोरांसाठी लिहायलोय, कारण ही चूक मी स्वतः केलीय आणि मला ती कुठल्याच क्लासात कोणी शिकवली नव्हती.

पहिलीच नोकरी, मी संभाजीनगरात बसून काम करायचो. लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडतीवर आम्ही छोटा लिनक्स सर्व्हर बसवलेला, शेतकऱ्याला देतात त्या हिशोबपट्ट्यांच्या पीडीएफ त्यात पडायच्या. ऐन सोयाबीनच्या सीझनात त्याची डिस्क गेली. नवीन डिस्क बसली, शेजारच्या बॅकअपच्या मशीनवर सगळं होतंच, मग मी रुबाबात सीपी मायनस आर, म्हणजे फोल्डरसकट कॉपी करायची कमांड मारली, तासाभरात फायली परत. उघडून बघितल्या, उघडतायत. झालं म्हणलं, चहाला गेलो.

संध्याकाळी मुनीमजींचा फोन. "ओ साहेब, सगळ्या पट्ट्यांवर आजचीच तारीख दाखवायलंय, मी मागच्या हप्त्याच्या शोधू कशा?" फायलींची नावं म्हणजे नुसते नंबर, माणूस तारखेनं लावूनच शोधायचा.

आता झालं असं की साधं सीपी नवीन फाईल बनवतं, त्यामुळं बदलल्याची वेळ, म्हणजे एमटाईम, कॉपी केली ती वेळ पडते. सीपी मायनस ए नाहीतर मायनस पी दिलं असतं तर जुनी राहिली असती. आरसिंक, म्हणजे दोन जागच्या फायली सारख्या करायचं टूल, मायनस ए दिलं तर तेपण ठेवतं, आणि टार, म्हणजे फायलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं, उलगडताना मुद्दाम मायनस एम दिला नाही तर तेपण ठेवतं. एवढ्या एका अक्षराची गोष्ट बघा.

सिनियर दादाला फोन केला, मला वाटलं शिव्या बसणार. त्यानं एकच विचारलं, "रातचा क्रॉन बंद केलास का?" मी म्हणलं कामून? क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप काम चालवणारा. मग डोक्यात उजेड पडला, आधी तो बंद केला. रात्री २ वाजता आरसिंकनं बॅकअप चालायचा, आणि आरसिंक फाईल बदलली का हे मुळात साईज आणि एमटाईम बघून ठरवतं. म्हणजे त्याला सगळ्याच फायली बदललेल्या दिसणार, तो सगळ्या परत उचलणार आणि बॅकअपमधल्या खऱ्या तारखा पण पुसून टाकणार. जगात त्या तारखा तेवढ्या एकाच जागी उरलेल्या. दोन वाजेपर्यंत मी झोपून राहिलो असतो तर विषय संपला असता. म्हणून सांगतो, रिस्टोअरला हात लावायच्या आधी बॅकअपचं शेड्यूल थांबवा, बाकी सगळं नंतर.

दुरुस्ती सोपी होती पण घाई करायची नव्हती, कारण दुपारपासून नवीन पट्ट्या पडायलाच लागलेल्या आणि एक-दोन जुन्या दुरुस्त पण झालेल्या, त्यावर जुनी फाईल आदळली तर अजून भानगड. म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिली, दोन्हीकडची फाईल सीएमपीनं, म्हणजे दोन फायली आतून जुळवून बघणाऱ्या कमांडनं तपासायची, सारखी असेल तरच टच, म्हणजे फाईलची वेळ बदलणारी कमांड, मायनस आर देऊन बॅकअपवाल्या फाईलची वेळ इकडं लावायची, नसेल तर हात न लावता नाव लिहून ठेवायचं. खरंतर मी आधी वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून, फाइंडनं दोन्हीकडच्या फायली मोजून, चार-पाच फायलींना स्टॅट (फाईलच्या वेळा दाखवणारी कमांड) लावून मग जागेवर नेलं असतं तर ही रातपाळी झालीच नसती.

स्टॅट लावला की तुम्हाला सीटाईम पण दिसंल. हा क्रिएट टाईम नाही हं, मी सहा महिने तेच समजत होतो. फाईलची माहिती म्हणजे परमिशन, मालक, वेळ यातलं काही बदललं की हा बदलतो, आणि टच कमांडनं तो मागं नेता येत नाही. त्यामुळं एमटाईम मागच्या महिन्याचा आणि सीटाईम आजचा दिसला तर घाबरू नका, रिस्टोअर केलेल्या फाईलचं तसंच दिसतं.

रात्री साडेबाराच्या पुढं मुनीमजींना म्हणलं आता बघा. ते म्हणले बरोबर झालंय, "१४ च्या पट्ट्या १४ लाच दिसायल्यात." मला मात्र टर्मिनलवर त्यातल्या काही १३ तारखेच्या दिसत होत्या. दहा मिनिटं आम्ही दोघं फोनवर भांडलो. सीझनात काम मध्यरात्रीच्या पुढं जायचं, १३ ची रात्र उलटून १४ लागल्यावर १२:४० ला बनलेली पट्टी, आणि नवीन डिस्कवर सिस्टम टाकताना मी टाईमझोन यूटीसीच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळच सोडलेला, मग साडेपाच तास मागं जाऊन ती १३ च्या १९:१० ची दिसणारच. त्यांच्या विंडोजला भारताची वेळ होती म्हणून त्यांना नीट दिसत होतं. फाईलीत वेळ एकच साठवलेली असते, दाखवणारा बदलतो. टाईमडेटसीटीएल या वेळ लावायच्या कमांडनं एशिया कोलकाता, म्हणजे भारताची वेळ लावली, एकाही फाईलीला हात न लावता सगळ्या १४ वर आल्या.

"म्हणजे मीच बरोबर होतो ना?" मुनीमजी म्हणले आन् फोन ठेवला. मग मी क्रॉन चालू केला.