पावडरच्या डब्याआधी जेवणाचा डबा

रग्बी सुरू करून सहा महिने झाले की पोरं हमखास विचारतात, सर कुठली प्रोटीन पावडर घेऊ. मी उलट विचारतो सकाळी काय खाल्लंस, तर चहा आणि खारी. मग पावडर काय कपाळ करणार बाबा?

आधी हिशोब करा. कडक ट्रेनिंग करणाऱ्याला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन धरायचं, म्हणजे ६५ किलोच्या पोराला १०४ ग्रॅम. आता घरातलं मोजा. चार अंडी २४, अर्धा लिटर दूध १६, सोयाबीनच्या वड्या ५० ग्रॅम (कोरड्या असतानाच वजन करायचं) २६, मूठभर शेंगदाणे ७-८, दोन वाट्या घट्ट उसळ १५, आणि भाकरी-चपाती-भातातून वीसेक येतंच. झाले की शंभरच्या वर! अंडं चालत नसेल तर पनीर, १०० ग्रॅमला १८. आणि भात सोडू नका, कार्ब बंद करा म्हणणारे रीलवाले बॉडी दाखवतात, ८० मिनिटं रग्बी खेळत नाहीत.

ट्रेनिंग म्हणाल तर आठवड्यात दोन दिवस जिम, दोन-तीन दिवस ग्राउंड आणि एक दिवस पूर्ण आराम. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने बेंचवर किती मारतो ही शर्यत लावूच नये, स्क्वॉट आणि डेडलिफ्ट फॉर्म बसेपर्यंत हलक्या वजनाने, पुलअप्स, आणि मान. मान कोणी करतच नाही, अगदी प्रॉपसुद्धा (स्क्रममध्ये पुढच्या फळीत रेटणारा खेळाडू)! पार्टनरने तळहाताने डोक्याला चारही बाजूंनी हळूहळू दाब द्यायचा, तुम्ही डोकं हलू द्यायचं नाही, १० सेकंद. टॅकल आधी गुडघ्यावर बसून शिका, डोकं समोरच्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या ढुंगणाला चिकटलेला. पोरं हसतात, पण डोकं पुढे राहिलं की त्याचा गुडघा थेट कपाळावर येतो. डोक्याला लागून गरगरलं तर त्या दिवशी खेळ बंद, मग फायनल असली तरी.

सेव्हन्सच्या (सात-सात जणांच्या रग्बीच्या) टुर्नामेंटला एका दिवसात तीन मॅच पण येतात. मी एकदा मधल्या गॅपमध्ये दोन वडापाव हाणले आणि पुढच्या मॅचला टचलाइनवरच सगळं बाहेर, त्यामुळे केळी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, दहीभात, बस. प्रॅक्टिसच्या आधी आणि नंतर वजन करा, ओली जर्सी काढून, १ किलो कमी भरलं तर पुढच्या काही तासांत दीड लिटर पाणी, सोबत काहीतरी खारट.

आता पावडर. व्हे म्हणजे दुधातलंच प्रोटीन, जेवण कमी पडतंय आणि परवडतंय तर ठीक, पण सीलबंद आणि बॅच टेस्ट झालेलंच घ्या. मास गेनर (वजन वाढवायची पावडर) बघाल तर बहुतेकदा महागडी साखरच. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) मोठ्यांमध्ये चालतं, रोज ३ ते ५ ग्रॅम, पण अठराच्या आत मी कोणालाच देत नाही. प्रीवर्कआउट (व्यायामाआधी तरतरी यावी म्हणून घेतात ती पावडर) तर नकोच. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी टीममधले चिलिबॉय रालेपेले आणि ब्यॉर्न बॅसन याच भानगडीत अडकले, टीमने दिलेल्या सप्लिमेंटमध्ये मिथाइलहेक्सानामिन हे बंदी असलेलं उत्तेजक निघालं, नंतर निर्दोष सुटले पण मधे करिअर टांगणीला लागलंच ना. लेबलवर ते डीएमएए किंवा जिरेनियमचा अर्क अशा नावानेही येतं, दिसलं की डबा परत ठेवा.

जिममधला कोणी दादा इंजेक्शन लावूया म्हणाला तर तिथून सटका. वाढत्या वयात स्टेरॉइडने हाडांची वाढ लवकर थांबते, म्हणजे उंची गेली, शिवाय वृषणं आक्रसतात.

आणि औषधंसुद्धा. पृथ्वी शॉला २०१९ मध्ये आठ महिन्यांची बंदी खोकल्याच्या सिरपमधल्या टर्ब्युटालिनमुळे लागली होती. बंदी असलेलं काही शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूचीच. त्यामुळे डॉक्टरला आधीच सांगा मी स्पर्धा खेळतो, आणि मेडिकलमधून काहीही घेतलं की बाटलीच्या पाठीचा फोटो काढून कोचला पाठवा, पहिला घोट घ्यायच्या आधी.