धागा तुटलेला नाही तरी माग थांबतोय? माझा अनुभव
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा रेपिअर माग (आडवा धागा पकडून ओढून नेणारा) सारखा थांबायचा, स्क्रीनवर 'वेफ्ट ब्रेक', म्हणजे आडवा धागा तुटला, आणि बघावं तर धागा अख्खा. सगळे सुताला नावं ठेवत होते, पण पीएलसीला, म्हणजे माग चालवणाऱ्या कंट्रोल कॉम्प्युटरला, सूत दिसत नसतं हो, त्याला फक्त सेन्सरचा सिग्नल कळतो, तो गेला की त्याच्या लेखी धागा तुटलाच. १८०४ च्या जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, भोकं पाडलेल्या पंचकार्डातपण हेच, भोक आहे की नाही एवढीच माहिती आणि त्यावर अख्खी नक्षी. मग मेन स्विच बंद करून शेजारच्या सेम मागाशी सेन्सरची अदलाबदल करून पाहिली, फॉल्ट जागेवरच. सेन्सरच्या केबलची अदलाबदल केली तर फॉल्ट त्या शेजारच्या मागावर गेला! थरथरीनं आतली तार तुटलेली. नवीन केबल मोटरच्या वायरपासून लांब, थोडी सैल ठेवून क्लॅम्प केली, आता माग मस्त चालतोय.